मेंदूच्या एमआरआयमध्ये ‘पांढरे ठिपके’ आले आहेत : अर्धशिशी असणाऱ्याने हा अहवाल कसा वाचावा?

दुधनाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. माझे वय 38 असून 22व्या वर्षापासून मला अर्धशिशीचा त्रास आहे. डोके दुखू लागण्यापूर्वी डोळ्यांपुढे करवतीच्या दात्यांसारखी चमकणारी रेघ उमटते, वीस-पंचवीस मिनिटांत ती हळूहळू कडेला सरकत जाते आणि मग डाव्या कानशिलात ठणका सुरू होतो. फळ्यावर मीच लिहिलेल्या शब्दाचा अर्धा भाग मला दिसेनासा होतो. अशा वेळी मी मुलांना पाढे म्हणायला लावते आणि खुर्चीत डोळे मिटून बसते. माझ्या वर्गाचे पाढे त्यामुळे चांगले पाठ आहेत.

गेल्या महिन्यात रेघेपाठोपाठ उजव्या हाताच्या बोटांत मुंग्या आल्या आणि त्या कोपरापर्यंत चढत गेल्या. म्हणून डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय करायला सांगितला. अहवालात लिहिले आहे : ‘दोन्ही बाजूंच्या फ्रंटल सबकॉर्टिकल व्हाइट मॅटरमध्ये काही सूक्ष्म, सुटे, नॉन-स्पेसिफिक टी2/फ्लेअर हायपरइंटेन्स फोसाय.’ पुढे शक्यता म्हणून मायग्रेन, स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस आणि डिमायलिनेशन असे तीन शब्द आहेत, आणि शेवटी ‘क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड’. आमचे डॉक्टर बारा दिवस बाहेरगावी आहेत. दिरांनी मोबाइलवर एकेक शब्द शोधला आणि ‘इस्केमिक’ म्हणजे लकव्याचा प्रकार असे घरात जाहीर केले. सासूबाईंनी एवढेच विचारले, ‘मेंदूला पांढरे डाग म्हणजे आतून कोड फुटले की काय?’ मला हसू आले, पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. हा अहवाल नेमका काय सांगतो, हे कोणी समजावून सांगेल का?

फिल्मवाला (लातूर)

ताई, मी 14 वर्षांपासून एमआरआय यंत्रावर तंत्रज्ञ आहे. अहवाल देणे हे रेडिओलॉजिस्टचे काम आहे, माझे नाही. पण चित्र कसे तयार होते तेवढे सांगतो, म्हणजे निम्मी भीती तिथेच उतरेल.

या तपासणीत क्ष-किरण नसतात. 1.5 किंवा 3 टेस्ला शक्तीच्या चुंबकात आपल्याला झोपवले जाते, शरीरातील पाण्यामधल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींनी हलवले जाते आणि ती मूळ जागी येताना जो संकेत देतात, त्यातून चित्र बनते. टी2 नावाच्या चित्रात पाणी पांढरे दिसते. मेंदूभोवती आणि मेंदूच्या आतल्या पोकळ्यांतही पाण्यासारखाच द्रव असल्यामुळे त्या लखलखाटात एखादा बारीक ठिपका हरवून जातो. म्हणून फ्लेअर नावाचे दुसरे चित्र घेतात. त्यात हा मोकळा द्रव मुद्दाम काळा केला जातो आणि मेंदूच्या पेशीजालात जिथे पाण्याचा अंश किंचित वाढलेला असतो, तेवढीच जागा उजळ उरते. कोजागरीला चांदण्या मोजता येत नाहीत आणि अवसेला आभाळ चांदण्यांनी भरलेले दिसते, त्यातलाच हा प्रकार.

म्हणजे ‘हायपरइंटेन्स’ याचा अर्थ ‘आजूबाजूपेक्षा उजळ’ इतकाच. तो उजेडाचा शब्द आहे, रोगाचा नाही. ‘फोसाय’ म्हणजे ठिपके, ‘फ्रंटल सबकॉर्टिकल’ म्हणजे कपाळामागच्या भागात मेंदूच्या बाहेरच्या थराखाली, आणि ‘नॉन-स्पेसिफिक’ म्हणजे कोणत्याही एका आजाराकडे बोट न दाखवणारे. ‘व्हाइट मॅटर’ हे तर मेंदूच्या आतल्या भागाचे नावच आहे. तिथल्या तंतूंवर मायलिनचे स्निग्ध आवरण असल्यामुळे तो भाग फिकट दिसतो आणि तो तुम्हाला, मला, सासूबाईंना सगळ्यांनाच आहे. कोडाशी त्याचा काडीचाही संबंध नाही, हे त्यांना माझ्यातर्फे जरूर सांगा. ‘डिमायलिनेशन’ म्हणजे हे मायलिनचे आवरण झिजणे, आणि ‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कमी पोहोचल्याच्या खुणा.

‘क्लिनिकल कोरिलेशन’चेही गुपित सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा ‘हेडेक’ हा एकच शब्द असतो. रुग्णाचे वय आणि तेवढा एक शब्द एवढ्या भांडवलावर अहवाल लिहिणाऱ्याला सगळ्या शक्यता नोंदवाव्या लागतात, कारण त्याने रुग्णाला पाहिलेलेच नसते. ते वाक्य तुम्हाला उद्देशून नाही. ‘मी ठिपके पाहिले, आता माणूस तुम्ही पाहा’ असे एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला सांगितलेले आहे. लोक मात्र आमच्या दारातच फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून एकमेकांना दाखवत उभे असतात.

गोदातीर (नांदेड)

मी मेंदूविकारांचे रुग्ण पाहणारा डॉक्टर आहे. येथे निदान करणे योग्य नाही आणि मी ते करणारही नाही. तुमची फिल्म मी पाहिलेली नाही. परंतु अर्धशिशी आणि हे ठिपके यांचे नाते समजून घेण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट अशी की अर्धशिशीचे निदान एमआरआयवर होतच नाही. ते रुग्णाच्या सांगण्यावरून होते : किमान पाच झटके येऊन गेलेले असणे, औषधाविना झटका 4 ते 72 तास टिकणे, एका बाजूचा ठणका, हालचालीने वाढणारी मध्यम किंवा तीव्र वेदना, मळमळ, उजेड आणि आवाज सहन न होणे. विहिरीवरच्या मोटरीचा फोटो काढला तर तारा, स्टार्टर, पाइप सगळे दिसते, पण व्होल्टेज खाली-वर होते ते दिसत नाही. अर्धशिशी हा मुख्यतः त्या व्होल्टेजचा आजार आहे. तुमची करवतीची रेघ म्हणजे ऑरा. मेंदूच्या पृष्ठभागावरून विद्युत-क्रियेची एक लाट सरकत जाते आणि तिच्या मागोमाग पेशी काही काळ शांत होतात. अमेरिकेतील कार्ल लॅशली या संशोधकाने 1941 मध्ये स्वतःच्याच ऑराचे नकाशे काढून, ही लाट मिनिटाला साधारण 3 मिलिमीटर वेगाने जात असावी असे गणित मांडले. 1944 मध्ये ब्राझीलच्या लिआओ यांनी सशाच्या मेंदूवर तशीच लाट प्रत्यक्ष नोंदवली. हाताच्या मुंग्या बोटांपासून वर *चढत* गेल्या, हे तुम्ही लिहिलेत ते फार महत्त्वाचे आहे. ऑरा अशी मिनिटामिनिटाने पसरते. पक्षाघातात बहुधा हात एकाएकी जातो. तरीही मुंग्या प्रथमच आल्या असल्याने तपासणी सांगितली, ती योग्यच सांगितली.

आता ठिपक्यांविषयी. अर्धशिशी असलेल्यांत ते इतरांपेक्षा अधिक आढळतात, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. नेदरलँड्समध्ये ‘कॅमेरा’ नावाचा अभ्यास झाला, त्याचे पहिले निष्कर्ष 2004 मध्ये आले. त्याचे वैशिष्ट्य असे की रुग्णालयात येणारे गंभीर रुग्ण न निवडता सर्वसाधारण लोकसंख्येतून 30 ते 60 वयाची माणसे निवडली होती. अर्धशिशी असलेल्या स्त्रियांमध्ये मेंदूच्या खोल भागातील असे ठिपके अधिक होते. त्याच लोकांना सुमारे नऊ वर्षांनी पुन्हा तपासले आणि निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले : अर्धशिशी असलेल्या स्त्रियांपैकी 77 टक्क्यांमध्ये ठिपके वाढले होते, आणि अर्धशिशी नसलेल्यांपैकी 60 टक्क्यांमध्ये. हा दुसरा आकडा लोक वाचतच नाहीत. ज्यांचे डोके कधी तसे दुखले नाही, त्यांच्यातही वयानुसार ठिपके येतातच. स्मरणशक्ती व विचारशक्ती यांच्या चाचण्याही घेतल्या होत्या. ठिपके वाढलेल्यांची बुद्धी त्यामुळे अधिक मंदावल्याचे दिसले नाही. ठिपके नेमके कशाने होतात, यावर मात्र अजून एकमत नाही.

डॉक्टर फिल्म पाहताना ठिपक्यांच्या संख्येपेक्षा त्यांची जागा आणि आकार पाहतो. कवटीकडच्या बाजूला, कपाळामागच्या भागात सुटे, बारीक, टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके ही अर्धशिशीत नेहमी दिसणारी मांडणी आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस या मायलिन झिजण्याच्या आजारात ठिपके मेंदूतील पोकळ्यांना काटकोनात टेकलेले, लांबट असतात. ते मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या पट्ट्यात, मेंदूच्या देठात, मज्जारज्जूतही असू शकतात, आणि सोबत एका डोळ्याची दृष्टी कित्येक दिवस मंद होणे, पाय जड पडणे अशी कहाणी असते. अहवालात कधी ‘फॅझेकस’ श्रेणी लिहितात. ती 1987 पासून वापरात आहे. 0 म्हणजे ठिपके नाहीत, 1 म्हणजे सुटे ठिपके, 2 म्हणजे एकमेकांना मिळू लागलेले आणि 3 म्हणजे मोठे सलग पट्टे. चाळिशीच्या आत 2 किंवा 3 आल्यास रक्तदाब, मधुमेह व इतर कारणांचा शोध नेटाने घ्यावा लागतो.

बालाघाट (बीड)

तुमच्या अहवालात ठिपके तरी आले. माझ्या पत्नीचा एमआरआय ‘नॉर्मल’ आला आणि आमच्या घरात तिची उरलीसुरली पत गेली. तोवर ‘डोक्यात काहीतरी असेल’ म्हणून थोरली जाऊ भाकरी थापून द्यायची. अहवालानंतर ‘मशीनने सांगितले, काही नाही’ असे सुरू झाले. ज्यांनी तपासणी सांगितली त्यांनीही कागद परत देताना ‘टेन्शन घेऊ नका’ एवढेच म्हटले. चैत्र-वैशाखात कापडाने डोके आवळून ती न्हाणीघरात अंधारात बसते, कारण अख्ख्या पत्र्याच्या घरात तेवढीच जागा थंड आणि अंधारी आहे. हे कोणत्या फिल्मवर येणार?

गोदातीर

दादा, तुमचा राग रास्त आहे, आणि चूक आम्हा डॉक्टरांची आहे. नॉर्मल एमआरआयचा अर्थ ‘गाठ नाही, रक्तस्राव नाही, सूज नाही, म्हणून वेदना अर्धशिशीचीच आहे असे आता अधिक खात्रीने म्हणता येते’ असा होतो. ‘दुखत नाही’ असा तो कधीच होत नाही. अर्धशिशीच्या पुष्कळ रुग्णांचा एमआरआय अगदी स्वच्छ येतो. पुढच्या भेटीला वहिनींबरोबर घरातील एखादे वडीलधारे माणूस न्या आणि हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून त्याला ऐकवा. कागदापेक्षा त्याचा उपयोग होतो.

औषधी_जालना

माझे औषधांचे दुकान आहे. एक निरीक्षण नोंदवतो. सायनसच्या नावाने वर्षानुवर्षे वाफ आणि प्रतिजैविके घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या हातात ‘मॅक्सिलरी सायनसमध्ये म्युकोझल थिकनिंग’ असे लिहिलेला अहवाल असतो. डॉक्टरसाहेब, हे खरेच डोकेदुखीचे कारण असते का? दुसरे असे की आठवड्याला दोन पट्ट्या वेदनाशामक गोळ्या नेणारी गिऱ्हाईके आहेत. मी त्यांना हटकले की ती पुढच्या दुकानात जातात.

गोदातीर

सायनसच्या आतल्या अस्तराची थोडी जाडी ही साध्या सर्दीनंतरही दिसते, आणि दुसऱ्याच कारणासाठी तपासणी केलेल्या माणसांतही सर्रास सापडते. ताप नाही, नाकातून घट्ट पिवळा स्राव नाही, पण उजेड नको वाटतो आणि उलटी होते, अशी डोकेदुखी सायनसची असण्याची शक्यता कमी आणि अर्धशिशीची जास्त. असे ‘जाता जाता सापडलेले’ अनेक शब्द अहवालात असतात : अरॅक्नॉइड सिस्ट (मेंदूच्या आवरणातील द्रवाची पिशवी), पिनियल सिस्ट (पिनियल ग्रंथीतील तशीच पिशवी), पार्शियली एम्प्टी सेला (पिट्युटरी ग्रंथीची खोबण अंशतः रिकामी दिसणे). बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतात. मात्र स्थूल तरुण स्त्रीला डोकेदुखीसोबत दृष्टी अंधुक होत असेल आणि एम्प्टी सेला लिहिलेला असेल, तर मेंदूतील दाब वाढला आहे का हे डोळ्याच्या पडद्याची तपासणी करून पाहिले पाहिजे.

गोळ्यांविषयी तुम्ही योग्य तेच केलेत. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान (अर्धशिशीवरच्या खास गोळ्या) किंवा अनेक वेदनाशामके एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या 10 किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले, तर त्या गोळ्यांचीच डोकेदुखी जडू शकते. ती कोणत्याही एमआरआयमध्ये दिसत नाही. ती तुमच्या दुकानाच्या वहीत दिसते.

नळदुर्ग (धाराशिव)

सर्वच ठिपके सारखे नसतात म्हणून लिहीत आहे. माझ्या मुलाचेही डोके दुखायचे, पण त्याला एकदा फेफऱ्याचा झटका येऊन तो शेतात पडला आणि तोंडाला फेस आला. त्याच्या अहवालात ‘रिंग एन्हान्सिंग लिजन’, म्हणजे रंगद्रव्याचे इंजेक्शन दिल्यावर कड्यासारखी उजळणारी गाठ, असे होते. डॉक्टरांनी आधी मेंदूतील क्षयाची गाठ की फीतकृमीच्या अळीची, असा विचार केला. पुढे ती अळीची ठरली. औषधांनंतर आता तिथे ‘कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा’ म्हणजे चुना जमलेला वण उरला आहे. आमच्या घरात कोणी मांसाहार करत नाही, म्हणून आम्हाला धक्काच बसला होता. नंतर कळले की फीतकृमीची अंडी दूषित पाण्यातून आणि न धुतलेल्या भाजीपाल्यातूनही पोटात जातात.

फिल्मवाला

बरोबर. आणि तो चुन्याचा वण एमआरआयपेक्षा सीटी स्कॅनवर स्पष्ट दिसतो, म्हणून कधी कधी दोन्ही तपासण्या कराव्या लागतात. ती लूट नसते. ताईंच्या अहवालात ‘रिंग’ हा शब्दच नाही.

दुधनाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. डॉक्टर, एक विचारायचे आहे आणि ते चारचौघांत विचारताना संकोच वाटतो. मी पाच वर्षांपासून गर्भनिरोधक गोळ्या घेत आहे. तपासणीच्या वेळी ‘कोणती औषधे चालू आहेत’ असे विचारले तेव्हा मी रक्तवाढीची गोळी तेवढी सांगितली. या गोळ्यांना कोणी औषध समजत नाही म्हणून त्या सांगितल्या नाहीत. त्यांचा यात काही संबंध येतो का?

गोदातीर

ताई, संकोच बाजूला ठेवून विचारलेत ते फार बरे केलेत, कारण या संपूर्ण धाग्यात ठिपक्यांपेक्षा महत्त्वाची ठरेल अशी माहिती हीच आहे.

ऑरा असलेल्या अर्धशिशीत पक्षाघाताचा धोका थोडा वाढलेला असतो. तरुण स्त्रियांत मुळात तो धोका फार लहान असल्याने वाढूनही लहानच राहतो. पण इस्ट्रोजेन असलेल्या मिश्र गर्भनिरोधक गोळ्यांनी तो आणखी वाढतो, आणि त्यात तंबाखूचे धूम्रपान किंवा उच्च रक्तदाब असेल तर आणखी. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ऑरासह अर्धशिशी असलेल्या स्त्रीला मिश्र गोळ्या चौथ्या वर्गात, म्हणजे ‘वापरू नयेत’ या वर्गात टाकल्या आहेत, वय कितीही असो. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी माला-एन हीसुद्धा मिश्र गोळीच आहे. आपल्या पाकिटावरची नावे वाचा; ‘एथिनाइल एस्ट्राडायॉल’ असे लिहिले असेल तर बारा दिवस थांबू नका. उद्याच स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून ‘मला ऑरा येतो’ हे याच शब्दांत सांगा आणि पर्याय ठरवा. तांबी किंवा केवळ प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक असलेले उपाय यांत इस्ट्रोजेन नसते.

याच ओघात, ज्यांनी एमआरआयच्या तारखेचीही वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जावे त्यांच्याविषयी लिहितो. क्षणार्धात शिगेला पोहोचणारी, आयुष्यात कधी न झालेली डोकेदुखी. ताप आणि मान आखडणे. बोलणे अडखळणे किंवा तोंड वाकडे होणे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी. आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांतील वाढत जाणारी डोकेदुखी. या शेवटच्या प्रकारात मेंदूतील शिरांमध्ये रक्त गोठलेले असू शकते, साधा सीटी स्कॅन कधी कधी स्वच्छ दिसतो आणि शिरांची वेगळी तपासणी, म्हणजे व्हेनोग्राफी, करावी लागते. ‘बाळंतिणीला वारे लागले’ म्हणून घरी शेक देत बसल्याने गमावलेले दिवस मी पाहिले आहेत.

बालाघाट

आमच्या भावजयीचे दोन वर्षांपूर्वी असेच झाले होते. वेळेवर संभाजीनगरला नेले म्हणून वाचली. हे जितक्या लोकांना कळेल तितके चांगले.

दुधनाकाठ

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. पाकिटावर तेच नाव होते. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी गोळ्या बंद करून तांबी बसवली. नंतर आमचे डॉक्टर भेटले. त्यांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून जेमतेम मिनिटभर पाहिली आणि मग पाऊण तास मला प्रश्न विचारले : झोप किती, चतुर्थीचा उपवास केल्यावर काय होते, पाळीच्या आधी दुखते का, गोळ्या महिन्याला किती. बारीक दिव्याने डोळ्यांचे पडदे पाहिले, रक्तदाब दोनदा मोजला, डोळे मिटून सरळ रेषेत चालायला लावले. ठिपके अर्धशिशीशी जुळणारे आहेत, रंगद्रव्याचे इंजेक्शन देऊन पुन्हा तपासणी करण्याची गरज आज नाही, नवे काही लक्षण दिसले तर मात्र ताबडतोब यायचे, असे त्यांनी सांगितले. झटके कमी व्हावेत म्हणून रोजची एक गोळी सुरू केली आहे आणि वहीत नोंदी ठेवायला सांगितल्या आहेत. चतुर्थीला आता मी सकाळीच भगर खाते. सासूबाईंनीच तसे ठरवले.

एक शंका उरली आहे. ही फिल्म सांभाळून ठेवा, पुढे तुलनेला लागेल, असे डॉक्टर म्हणाले. आमचे घर पत्र्याचे आहे. कपाटावर ठेवली तर चालेल का?

फिल्मवाला

कपाटावर अजिबात नको, ताई. आजकालच्या बहुतेक फिल्मा उष्णतेवर छापलेल्या असतात. उन्हाळ्याचे चार महिने पत्र्याखाली राहिली तर ती काळवंडते, आणि मग त्यात ठिपका काय, मेंदूही दिसत नाही. खालच्या कप्प्यात, कोरड्या जागी, दुमडू न देता ठेवा. दोन फिल्मा एकमेकींवर घासू देऊ नका, मध्ये कागद घाला. आणि जिथे तपासणी केली तिथून त्याची सीडी किंवा पेनड्राइव्हवर प्रत मागून घ्या. फिल्मवर निवडक चित्रे असतात, सीडीत सगळी असतात. मागितली तर मिळते, बहुतेक लोक मागतच नाहीत. पाकिटावर तारीख आणि यंत्र किती टेस्लाचे होते ते पेनाने लिहून ठेवा, कारण 1.5 वर न दिसलेला बारीक ठिपका पुढे 3 टेस्लावर दिसला, तर तो नवा आहे असे कोणी समजायला नको.